गढूळ ग्लासातलं केळं

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मी एका पुरवणीसाठी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीवर आठशे शब्द लिहिले होते. त्यातला मोठा भाग त्यांच्या व्हीट बिअरवर होता. 'ग्लास नाकाशी नेताच पिकलेल्या केळ्याचा गोड दरवळ येतो आणि त्याच्यामागून लवंग हळूच डोकावते...' असं एक वाक्य मी त्यात टाकलं होतं. मला स्वतःला ते जाम आवडलं होतं. एडिटरलाही आवडलं. त्यांनी ते उचलून पानाच्या मध्यभागी मोठ्या टायपात छापलं.

प्रॉब्लेम एकच होता. त्या दिवशी मला कसलाही वास येत नव्हता. केळ्याचा नाही, लवंगेचा नाही, शेजारच्या टेबलावर चुरचुरत आलेल्या सिझलरचाही नाही. सहा महिने माझ्या नाकाचं शटर डाऊन होतं आणि ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती.

नाक बंद, तोंड चालू

एप्रिल २०२१. पुण्यातले दुसऱ्या लाटेचे ते दिवस कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी एकापाठोपाठ एक पॉझिटिव्ह आलो. माझं तसं थोडक्यात निभावलं. चार दिवस ताप, दहा दिवस खोकला. रात्री अँब्युलन्सचे सायरन ऐकू यायचे तेव्हा आपण आपल्या बेडवर आहोत याचंच इतकं बरं वाटायचं, की 'वास येत नाही' अशी तक्रार करायचीही लाज वाटायची.

कळलं कसं? रूममेट लसणाची फोडणी गॅसवर ठेवून फोनवर बोलत राहिली. धावत किचनमध्ये आली तेव्हा मी कढईपासून चार फुटांवर लॅपटॉप घेऊन बसलेली. 'अगं, जळतंय ते! कळत नाही का तुला?'

नाही, कळत नव्हतं.

त्या दोघींचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला. माझा नाही आला. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये काहीतरी हलल्यासारखं झालं, पण कॉफीला जळक्या टायरचा वास यायला लागला आणि कांद्याचा वास गटारासारखा. मग तेही गेलं.

इथे एक छोटा सायन्सचा तास. आपण 'चव' म्हणतो त्यातलं जिभेला फार थोडं कळतं. गोड, आंबट, खारट, कडू आणि सूप किंवा मश्रूममध्ये असते ती उमामी. बाकी सगळी मजा नाकाची. घास चावताना, घोट गिळताना वास घशाच्या मागच्या बाजूने वर चढतो आणि नाकाच्या छतापर्यंत पोचतो. तिथे वास ओळखणाऱ्या पेशी असतात. कोविडचा विषाणू मुख्यतः त्यांच्या आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशींना धरतो आणि मग सगळं दुकानच कोलमडतं. माझ्यासाठी आंबा म्हणजे गोड लगदा झाला होता, पिठलं म्हणजे खारट लगदा.

आणि मी पोट कशावर भरत होते? रेस्टॉरंट्स, कॅफे, स्ट्रीट फूड आणि बार यांच्यावर लिहून! मास कॉमची डिग्री घेतल्यावर मी नोकरी न धरता फ्रीलान्सिंग निवडलं होतं. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, पीएफ नसतो, आणि 'सध्या मला चव लागत नाही' असं सांगितलं की पुढचं काम दुसऱ्याच कुणाला तरी जातं. वर्षभर सगळं बंद होतं. स्वातंत्र्यदिनापासून हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली आणि पुरवण्यांना एकदम 'शहर पुन्हा जागं होतंय' टाइप लेख हवे झाले. मला फोन आला. मी हो म्हटलं.

'केळं कुठे सापडलं?'

ब्रुअरीत गेले. उंच, कमरेत बारीक आणि वर रुंद होणारा ग्लास समोर आला. मेनूत लिहिलं होतं 'व्हीट बिअर'. रंग पिवळा, पण आरपार काही दिसत नव्हतं. पावसाळ्यातल्या मुठेत थोडी हळद कालवली असती तर असंच काहीतरी दिसलं असतं. वर पांढरा जाड फेस. मी फोटो काढला, डोळे मिटले, ग्लास नाकाशी नेला आणि 'म्म्म' असा आवाज केला. प्यायल्यावर जे कळलं ते असं : गार, बुडबुडे, किंचित गोड, शेवटी जरासं कडू. बस्स.

घरी येऊन गुगल केलं. व्हीट बिअर, गढूळ, जर्मनी, केळं, लवंग. झालं काम. उरलेला मसाला माझा.

लेख रविवारी छापून आला. सोमवारी ब्रुअरचा फोन. ब्रुअर म्हणजे तिशीतला, केमिकल इंजिनिअरिंग सोडून या धंद्यात आलेला मुलगा.

'मॅडम, लेख एकदम भारी. आईने कात्रण कापून ठेवलंय. फक्त एक विचारू का? राग मानू नका.'

'विचारा की.'

'तुम्हाला त्यात केळं कुठे सापडलं?'

मी गप्प.

'नाही म्हणजे काय आहे, आमची ती व्हीट बिअर जर्मन स्टाइलची नाहीये. अमेरिकन स्टाइलची आहे. यीस्टच वेगळं वापरतो आम्ही. त्यात केळं येत नाही, लवंगही येत नाही. आली असती तर मी बॅच ओतून दिली असती.'

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंखुरं कुतूहल होतं आणि थोडी काळजीही. बिचाऱ्याला वाटलं होतं, आपल्या टाकीत कुठलं तरी भलतंच यीस्ट शिरलंय की काय! त्याने म्हणे सकाळी उठून सगळ्या टाक्यांचे सँपल्स चाखले होते. माझ्या एका वाक्यापायी.

तेवढ्यासाठी मी त्याला खरं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'मग तुम्ही लिहायचं ना तसं. गार आहे, बुडबुडे आहेत. तेवढं तरी खरं होतं.'

मी एडिटरना फोन करून खुलासा छापायला सांगितलं. ते हसले. 'अगं, बिअरचं करेक्शन कोण छापतं?' कुणीच नाही छापलं. तर मंडळी, हा लेख म्हणजे तो खुलासा समजा. साडेचार वर्षं कुठली नि पाच कुठली, उशीर झालाय हे नक्की.

चार डब्या

त्या फोननंतर मी मुकाट ईएनटीकडे गेले. त्यांनी मला एक व्यायाम दिला. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल नावाचे डॉक्टर आहेत. वास गेलेल्या लोकांना रोज ठरावीक वास हुंगायला लावले तर उपयोग होतो, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं होतं. वास चार. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळी एकदा, रात्री एकदा. हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा.

मी चार रिकाम्या डब्या घेतल्या. गुलाबाचं अत्तर विकत आणलं, निलगिरीचं तेल केमिस्टकडून, लिंबू आणि लवंग किचनमधून. रोज सकाळी चहाआधी मी कॉटवर मांडी घालून बसायचे आणि कुटलेली लवंग हुंगत राहायचे. रूममेट म्हणायची, 'तुझी संध्या झाली का?' पहिले दोन महिने काहीही नाही. डबीत लवंग आहे की खडे, काही फरक नाही. डिसेंबरच्या शेवटी निलगिरी आली, पण ती नुसती थंड झुळूक. मग लिंबू, फार लांबून, शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी कापावं तसं.

याच काळात मी अधूनमधून त्या ब्रुअरीत जायला लागले. लिहायला नाही, शिकायला. गढूळ बिअर म्हणजे काय भानगड आहे, ते मला त्या मुलाने शिकवलं.

यीस्टची करामत

आपल्याकडे दारू म्हटली की पारदर्शक असणं म्हणजे चांगली, असं डोक्यात बसलेलं आहे. परमिट रूममध्ये मिळणारी बाटली उजेडात धरली की आरपार दिसते, कारण ती गाळून, फिल्टर करून भरलेली असते. गढूळ ग्लास समोर आला की पहिली शंका येते की बिघडलीय. पण काही बिअर गढूळच असायला हव्यात. त्यांचा मुकुटमणी म्हणजे बव्हेरियाची हेफेवाइत्सन. 'हेफे' म्हणजे यीस्ट, 'वाइत्सन' म्हणजे गहू. नावातच रेसिपी! जर्मनीत या बिअरच्या माल्टमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, त्याचंच भावंड. गव्हातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट, हे दोघं मिळून ग्लासात ढग आणतात.

गंमत म्हणजे गहू मुळात नियमात बसतच नव्हता. २३ एप्रिल १५१६ ला इंगोलश्टाट इथे बव्हेरियाच्या ड्यूकनी फर्मान काढलं, की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच वापरायचं. यीस्टचा त्यात उल्लेखही नाही. ते नेमकं काय काम करतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. लुई पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक यायला १८७६ उजाडलं. पण गव्हाची बिअर राजेरजवाड्यांना आवडायची, त्यामुळे खास परवाने निघाले आणि पुढे खुद्द ड्यूकनेच तिचा मक्ता आपल्याकडे ठेवून घेतला. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरने राजघराण्याकडून ती बनवण्याचा हक्क मिळवला, म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोचली. नियम सगळ्यांना, सूट वरच्यांना. आपल्याला काही नवीन नाही!

आता केळं आणि लवंग. हेफेवाइत्सनमध्ये कुणी केळं घालत नाही, लवंगही घालत नाही. सगळी करामत यीस्टची. धान्यातली साखर खाताना ते अल्कोहोल आणि बुडबुडे तर बनवतंच, पण या जातीचं यीस्ट जाता जाता आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एक द्रव्य तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासामागेही हेच द्रव्य असतं. म्हणजे बिअरला केळ्या'सारखा' वास येतो असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. दोन्हीकडे वस्तू एकच आहे. (मधमाशी चिडून नांगी मारते तेव्हा ती इतर माश्यांना जो 'या रे या' संदेश सोडते, त्यातही हेच द्रव्य असतं. पोळ्याजवळ ही बिअर घेऊन बसू नका, एवढंच.) लवंगेचं काम दुसरं एक द्रव्य करतं. आंबवताना तापमान जरा चढं ठेवलं की साधारणपणे केळं पुढे येतं, उतरतं ठेवलं की लवंग. अमेरिकन स्टाइलच्या व्हीट बिअरमध्ये यीस्ट शांत स्वभावाचं असतं, म्हणून ती गढूळ असूनही तिच्यात हे काहीच नसतं. मी पकडली गेले ती इथे!

'गाळून टाकलं तर?' मी विचारलं.

'तीही मिळते. क्रिस्टाल म्हणतात तिला. दिसायला फार सुंदर,' तो म्हणाला. 'पण अंगात जोर कमी.'

प्यायची कशी?

त्याच्याकडून शिकलेलं थोडक्यात सांगते. वीकेंडला उपयोगी पडेल.

एक, चिल्ड मागू नका. दात शिवशिवतील इतक्या गार बिअरमधून वास उडतच नाही. सात-आठ डिग्रीच्या आसपास ती बोलायला लागते. मग बर्फासारखी आलीच, तर पाच-दहा मिनिटं गप्पा मारा.

दोन, बाटलीतून ओतत असाल तर ग्लास तिरका धरून हळू ओता, शेवटचा दोन-तीन घोट भाग बाटलीत ठेवा, बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट सैल करा आणि मग ते वरून सोडा. मसाला ताकाचा तांब्या ढवळल्याशिवाय ओतत नाही ना आपण? तसंच.

तीन, आधी दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं आणि पुढे काही सांगत नाही. मग घोट घ्या, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. खरी बातमी तेव्हा येते.

चार, लिंबाची फोड काठावर लावून आली तर बाजूला ठेवा. फेस बसतो आणि लिंबाच्या पुढे बाकीच्यांचं काही चालत नाही.

पाच, गढूळ आणि बिघडलेली यांत फरक असतो. ढग एकसारखा पसरलेला हवा. व्हिनेगरचा वास, पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ग्लास परत पाठवा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आणि सगळ्या गढूळ बिअर म्हणजे हेफे नव्हे. बेल्जियमची 'विट' घ्या. हूगार्डन गावातली ही जुनी पद्धत १९५० च्या दशकात बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात ती पुन्हा जिवंत केली. तिच्यात संत्र्याची साल आणि चक्क धने असतात. मग आहे अमेरिकेच्या ईशान्य टोकाची न्यू इंग्लंड आयपीए, जी संत्र्याच्या ज्यूससारखी दिसते. तिथला ढग ओट्स, गहू आणि भरपूर हॉप्सचा, आणि वास आंबा-अननसाच्या बाजूचा. व्हरमाँट राज्यातल्या 'द अल्केमिस्ट' ब्रुअरीची 'हेडी टॉपर' ही तिची आद्य देवता. २०११ पासून ती कॅनमध्ये मिळते आणि कॅनवर सूचना छापलेली असते, की ग्लासात ओतू नका, कॅनमधूनच प्या. दिसण्यावर जाऊ नका, असं सांगणारी बिअर!

आयपीएतला 'आय' म्हणजे इंडिया, हे तुम्हाला माहीत असेलच. लंडनहून मुंबई-कलकत्त्याला गोऱ्या साहेबांसाठी जहाजाने येणारी ती बिअर. इथल्या नव्या क्राफ्ट बिअरचा धागाही असाच मजेशीर आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही आपल्याकडच्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. हे नाव आलंय नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून कंटाळलेल्या सोल्जरांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडसर. पूर्ण शब्द 'डूलाली टॅप'. त्यातला टॅप नळाचा नाही, आपल्या तापाचा!

आजीच्या खोलीतला कोपरा

फेब्रुवारी २०२२. ब्रुअरचा मेसेज, 'या वेळी खरी हेफे केलीय. जर्मन यीस्ट. याल का?'

गेले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. त्याने ग्लास ठेवला आणि मुद्दाम आत निघून गेला. मी वाट बघत होते ती लवंगेची. चार महिने तिची रोज दोनदा हजेरी घेत होते, तेव्हा येणार तर तीच येणार, असं मी धरून चालले होते. पहिला हुंगा, काही नाही. दुसरा, काही नाही. घोट घेतला, गिळला, नाकाने श्वास सोडला.

आणि मी आजीच्या खोलीत होते.

मी मूळची रावेरची. जळगाव जिल्हा, केळीचा पट्टा. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात मृगबाग आणि कांदेबाग याशिवाय दुसरे ऋतू नव्हते. लोकांना वाटतं, केळीच्या बागेत केळ्याचा वास येत असेल. नाही येत. बागेत ओल्या मातीचा, पानांचा, कापलेल्या खोडाच्या चिकाचा हिरवा वास येतो. घड हिरवेच उतरवतात आणि ट्रकमध्ये चढवतात. पिकल्याचा वास दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात सुटतो. पण घरच्यासाठी आजी एक घड ठेवून घ्यायची. खोलीच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, भिंतीला टेकवून. तीन-चार दिवसांनी दार उघडलं की वास यायचा. गोड, जड, थोडा आंबूस, त्यात पोत्याचा तागासारखा वास, भिंतीच्या पांढऱ्या मातीचा वास. शाळेत असताना मला त्या वासाचा इतका कंटाळा होता की पुण्याला आल्यावर मी वर्षभर केळं खाल्लं नव्हतं.

तो वास ग्लासात होता. पूर्ण नाही. त्या खोलीचं दार बोटभर किलकिलं व्हावं, तेवढाच. दुसऱ्या घोटाला होता. तिसऱ्याला गेला. चौथ्याला परत आला.

मी तिथे बसून रडले, आणि तेही मायक्रोब्रुअरीत, दुपारी तीन वाजता, एकटी. वेटरने टिश्यू पेपर आणि शेंगदाणे आणून ठेवले, काही विचारलं नाही.

ब्रुअर बाहेर आला. 'काय आलं?'

'पोतं,' मी म्हटलं.

'पोतं?'

'पोत्यात पिकायला घातलेलं केळं. बाहेरून काळं पडायला लागलेलं. लवंग नाही आली मला.'

त्याने स्वतः एक घोट घेतला, खूप वेळ छताकडे बघत राहिला. 'लवंग आहे,' तो म्हणाला. 'पण पोत्याचं तुमचं बरोबर आहे. गव्हाचा वास असेल तो.' आणि त्याने खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

माझ्या छापून आलेल्या त्या देखण्या वाक्यात आणि या 'पोतं'मध्ये काय फरक होता, हे मला तेव्हा कळलं. ते वाक्य कुणाचंही असू शकत होतं. कुणाचंही असू शकत होतं, म्हणूनच ते खोटं असूनही खपलं. टेस्टिंग नोट्स म्हणून आपण जे वाचतो ती यादी बाहेरून येते. बबलगम, क्लोव्ह, व्हॅनिला... ती पाठ करून ग्लासात शोधायला गेलं की सापडतेच. पण तुमचं नाक रावेरला वाढलं असेल तर त्याला पोतं सापडणार, सांगलीला वाढलं असेल तर कदाचित गुऱ्हाळ, गिरगावात वाढलं असेल तर आणखी काही. ते सांगायला थोडा धीर लागतो, कारण चूक असेल तर ती आपली असते.

लवंग मला पुढे तीन आठवड्यांनी आली. डबीतून, सकाळी, चहाआधी. नाक आज साधारण ऐंशी टक्के आहे, असं मी आपलं म्हणते. काही वास अजून आलेले नाहीत. मोगरा नाही. पहिला पाऊस अर्धाच. आता लेखासाठी कुठे गेले आणि सर्दी असली तर मी तसं लिहिते. दोन एडिटरनी त्यावरून काम काढून घेतलं. एकाने जास्त दिलं.

आप्पांचा निकाल

गेल्या वर्षी आप्पा मोतीबिंदू दाखवायला पुण्यात आले होते. आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मुलगी 'पेपरात लिहिते' एवढंच त्यांना ठाऊक. काय लिहिते, हे मीच कधी नीट सांगितलं नव्हतं. तपासणी झाल्यावर जेवायला कुठे न्यायचं, हा प्रश्न आला आणि मी जीव मुठीत धरून त्यांना त्या ब्रुअरीत नेलं.

दारातच थबकले. 'बार हाये का वं हा?'

'कारखाना आहे आप्पा. बिअरचा. जेवणही मिळतं.'

'मंग तू इथलं लिहितीस?'

'हो. इथलं, आणि अशा बाकीच्या ठिकाणांचं.'

काही बोलले नाहीत. काचेमागच्या स्टीलच्या टाक्यांकडे बघत राहिले. तेवढ्यात ब्रुअर आला, पाया पडला, टाक्या दाखवायला घेऊन गेला. मी लांबून बघत होते. अर्धा तास दोघं तापमानावर बोलत होते! आप्पा सांगत होते, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सोळा ते अठरा डिग्री ठेवतात, एक-दोन डिग्री जास्त झाली तर साल पिवळी होते पण आतला गर मऊ पडतो. तो सांगत होता, आमचं अठरा ते बावीस, थोडं चढलं तर केळंच केळं होतं. 'म्हंजे तुमचं बी आमच्यासारखंच,' आप्पा म्हणाले.

टेबलावर परत आले तेव्हा माझ्यासमोर हेफे आली होती. लपवायची तर कुठे लपवणार? आप्पांनी ग्लासाकडे बघितलं. 'गढूळ हाये.'

'अशीच असते.'

त्यांनी ग्लास उचलला. मला वाटलं, बाजूला सारणार. त्यांनी तो नाकाशी नेला, घड पारखताना नेतात तसा, जराही घाई न करता. एकदा हुंगला. थांबले. परत हुंगला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ग्लास माझ्यासमोर जपून ठेवला.

'याले दोन दिवस उशीर झाला,' ते म्हणाले. 'परवाच खायले पाहिजे होतं.'

आणि वेटरला चहा सांगितला.